शनिवारची सही

ब्रसेल्सने बँकांचे नियम सोपे केले तर गेभार्ट नेगेलेच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशेब मी त्याच्याही आधी मांडून ठेवला होता. आमच्या लोरब्रोन गावच्या सहकारी बँकेचा तो संचालक, आणि मी त्या बँकेच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष. पोटासाठी मी सफरचंदांचा रस काढायचा घाणा चालवतो. अध्यक्षपद बिनपगारी. वर्षातून एकदा सभासदांच्या सभेत सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड फुकट, तेवढीच काय ती कमाई.

तर हिशेब असा. बाहेरच्या सल्लागारांचे वर्षाकाठी चाळीसेक हजार युरो वाचणार. अहवाल पाठवायच्या संगणक-प्रणालीचं भाडं वाचणार. त्या बचतीतून कर्जाचा दर शहरातल्या मोठ्या बँकेपेक्षा थोडा खाली आणता येणार, म्हणजे सुतार, बेकरीवाला आणि माझ्यासारखे घाणेवाले शहराकडे वळणार नाहीत. बँक स्पर्धेत उभी राहणार. हे सगळं गेभार्ट दर सभेत छातीवर हात ठेवून सांगायचा. एक बाब मात्र तो कधीच सांगत नसे. ती मी माझ्यापुरती पेन्सिलीने समासात लिहून ठेवली होती: शनिवार.

त्या शनिवारचं असं होतं. बँकेला संचालक दोन लागतात, हा कायदा. एकाने कर्ज आणायचं, दुसऱ्याने त्यात खोट काढायची, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलायचा नाही. आमच्याकडे आणणारा गेभार्ट आणि खोट काढणाऱ्या रोसविटा त्सांकर. सत्तावीस वर्षं एकाच खोलीत दोघांची टेबलं समोरासमोर. गेभार्टची बायको कधीच वारलेली. त्सांकरबाईंनी लग्न केलं नाही; का, ते त्यांना विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. सोमवार ते शुक्रवार गावाची कामं, आणि त्यातच फ्रांकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेला, बॉनच्या बँक-नियामकाला, आणखी कुठेकुठे पाठवायचे अहवाल; आठवड्यात न संपलेले शनिवारी. ते त्सांकरबाई भरायच्या. सह्या दोन लागत, म्हणून गेभार्टही यायचा.

मी शनिवारी रसाच्या बाटल्या द्यायला जायचो तेव्हा हे चाललेलं असायचं.

“हाउग, बूट पुसून आत या. जिना पुसायची पाळी माझी आहे या आठवड्यात.” हे मला. मग समोर, “नेगेले, इथे सही.”

“हे काय?”

“आपल्या भागात भूकंप झाला तर आपली किती कर्जं बुडतील, त्याचा अंदाज.”

“लोरब्रोनमध्ये भूकंप? इथे गाय शिंकली तर पेपरात येतं.”

“म्हणून शून्य लिहिलंय. शून्याखाली सही करा.”

“शून्यालाही सही लागते?”

“शून्यालाच लागते. बाकीच्या आकड्यांना कोणी विचारत नाही.”

मग गेभार्ट कुरकुरत सही करायचा. त्सांकरबाई हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. सगळ्या तपासलेल्या गोष्टींवर त्यांची ती खूण असायची, दूधवाल्याच्या बिलावरसुद्धा. अकराच्या सुमारास डबा उघडायचा. आलुबुखारचा केक, एकच तुकडा, सुरीने मधोमध कापलेला. गेभार्ट म्हणायचा, “आज आंबट झालाय.” बाई म्हणायच्या, “मग ठेवा.” तो ठेवत नसे.

दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. आमच्याकडे ‘अगं-अरे’वर यायचं तर वयाने मोठ्याने पुढाकार घ्यायचा, असा एक रिवाज आहे, बाईने घ्यायचा, असा दुसरा. गेभार्ट मोठा आणि त्सांकरबाई बाई, त्यामुळे दोघंही आपापल्या सोयीचा रिवाज धरून दुसऱ्याची वाट बघत बसली.

आता आमच्या श्वाबेन मुलखाचा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कौतुक तोंडावर करत नाहीत. जेवण उत्तम झालं तर ‘खाता येतं’ म्हणतात. कोणाबद्दल आतून फारच वाटलं, तर त्याच्या वतीने तक्रार करतात. ‘तुला किती राबवून घेतात रे!’ हा आमच्याकडचा जवळजवळ लग्नाचा प्रस्ताव. समोरच्यालाही ते ओळखता येतं, म्हणजे एरवी येतं.

ब्रसेल्सला लहान बँकांची बाजू ऐकायला बोलावलं तेव्हा आमच्या सहकारी बँकांच्या संघाने गेभार्टचं नाव दिलं, कारण सर्वांत जास्त पत्रं त्यानेच पाठवली होती. सोबत मी गेलो. गाडीत तो भाषणाचा कागद काढून बसला. मी मान लांब करून वाचलं. ‘माझ्या सहकारी रोसविटा त्सांकर या मला माहीत असलेल्या सर्वांत तल्लख बँकर आहेत, आणि त्यांच्या आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी चार दिवस कोणी न वाचणाऱ्या अहवालांत जातात.’

कोलोन मागे पडलं तेव्हा त्याने पहिल्या अर्ध्यावर रेघ मारली.

“ते का खोडलंस?” मी म्हटलं. “चांगलं होतं.”

“सभागृहात असं बोलतात का? एवढ्या परक्या माणसांसमोर? तिला वाटेल, मला काहीतरी हवंय.”

“हवंय ना?”

“हाउग, तू तुझा पाव खा.”

“खातोय. पण गेभार्ट, नियम सुटले की शनिवार मोकळा होणार. मग करणार काय तू?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “बोडनच्या तळ्यावर बोट असते,” तो म्हणाला. “शनिवारी सकाळची. पलीकडे जाऊन येते. तिने कधी पाहिली नाही. चोवीस वर्षं शनिवारी ती बँकेत आहे, माणसाने तळं कधी बघायचं?” आणि लगेच, “तू हे गावात बोललास तर तुझ्या घाण्याचं कर्ज मी परत मागवीन.”

सभागृहात त्याला चार मिनिटं दिली होती. तो चांगला बोलला. मोठ्या बँकेच्या हजार माणसांना जे नियम झेपतात तेच आमच्या नऊ माणसांना लावले तर स्पर्धा कसली, ती तर सायकलवाल्याची ट्रकशी शर्यत, असं म्हणाला तेव्हा दुभाष्यांच्या काचेमागेसुद्धा कोणीतरी हसलं. मग ते वाक्य आलं, रेघ मारलेलं. “माझ्या सहकारी त्सांकरबाई. त्यांच्या पाचातले चार दिवस वाया जातात.”

समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, “नेगेले, अगदी लहान बँकांना दोन संचालकांची सक्तीही काढून टाकली तर? एकच पुरेल, असं काही जणांचं म्हणणं आहे.”

गेभार्ट खुर्चीतून अर्धा उठलाच. “नको! तो नियम चांगला आहे. बाकी सगळं कमी करा, पण तो राहू द्या.”

“कारण?”

“एकाच माणसाने ठरवलं तर... समोर कोणीतरी असावं लागतं.” त्याचे कान लाल झाले. “नाही म्हणणारं.”

बाकावरच्या बाईंनी लिहून घेतलं. सभागृहात मी एकटाच होतो ज्याला तो कशाबद्दल बोलतोय ते कळलं, आणि मी रुमाल नाकाला लावून बसलो.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात मथळा आला: ‘पाचातले चार दिवस वाया: लोरब्रोनच्या संचालकाची कैफियत’. खाली त्सांकरबाईंचं नाव, पूर्ण. सोमवारी गेभार्टच्या टेबलावर ते कात्रण होतं. ‘पाचातले चार’ याच्याखाली हिरव्या पेन्सिलीची बरोबरची खूण.

“काही बोलल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, आकडा तपासला, बरोबर आहे.” गेभार्ट खुशीत होता. “रागावल्या नाहीत, हाउग! म्हणजे आवडलं.”

मलाही तेव्हा तसंच वाटलं. आमच्याकडे कोणी ओरडलं नाही की माणूस समाधानाने घरी जातो.

पुढे दोन वर्षं कागद इकडून तिकडे फिरले, आणि एका वसंतात सवलत आली. लहान बँकांचे अहवाल मूठभर उरले. भूकंप गेला. सल्लागारांनी शेवटचं बिल पाठवलं. गेभार्टने दर खाली आणला. माझ्या नव्या घाण्याचं कर्ज शहरापेक्षा स्वस्तात झालं. त्सांकरबाईंनी त्यातही दोन ठिकाणी खोट काढली, पण सही केली. वर्षाच्या मध्यात बँक नफ्यात अशी तरंगत होती की संघाच्या मासिकात गेभार्टचा फोटो आला.

पहिल्या मोकळ्या शनिवारी मी बाटल्या घेऊन गेलो. गेभार्ट एकटाच आपल्या टेबलाशी, नवा शर्ट घालून. समोरची खुर्ची आत सरकवलेली.

“बाई?”

“आल्या नाहीत.”

“येणार होत्या?”

“शनिवारी येतात ना.” मग त्याच्या लक्षात आलं असावं. “म्हणजे यायच्या.”

टेबलावर बोटीची दोन तिकिटं होती. त्याचा बेत असा होता की बाई येतील, सवयीने डबा उघडतील, काम नाहीच म्हटल्यावर तो तिकिटं पुढे सरकवील. बाई येणारच नाहीत, ही शक्यता त्याने धरलीच नव्हती. काम नाही तर माणूस कशाला येईल? नियम उठवताना सगळ्या बाजूंनी विचार केलेला गडी, आणि एवढंच सुटलं.

“फोन कर.”

“घरी? शनिवारी? काय कारण सांगू?”

“जे आहे ते.”

“हातात एखादा कागद तरी हवा ना, हाउग. नुसतंच कसं बोलायचं?”

मी त्याला खूप चिडवलं. नंतरही त्याने तिकिटं बदलून घेतली, पुढच्या शनिवारची, मग त्याच्या पुढच्या. दर सोमवारी ठरवायचा, बाईंना सांगायचं. दर सोमवारी बाई म्हणायच्या, “शनिवार-रविवार बरा गेला?” तो म्हणायचा, “गेला.” तळ्यावरची बोट ऑक्टोबरात बंद होते.

नोव्हेंबरात त्सांकरबाईंनी मला बँकेत बोलावलं. गेभार्ट समोर होता. बाईंच्या अंगावर तो करडा कोट, जो त्या फक्त लेखापरीक्षक आले की घालत.

“अध्यक्ष म्हणून तुमच्यासमोर सांगते. मी राजीनामा देतेय. कीलला माझी बहीण आहे, तिच्याकडे जाईन.”

मी गेभार्टकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

“का हो, बाई?” मीच विचारलं.

“नेगेले ब्रसेल्समध्ये बोलले ते बरोबर होतं. पाचातले चार दिवस वाया. ते चार आता नाहीत. उरला एक. एका दिवसाच्या कामासाठी पाच दिवसांचा पगार मी घ्यायचा, आणि बँकेने स्पर्धेत उतरायचं? मला ते जमत नाही. मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ते चालू दिलं नसतं.”

“तसं नव्हतं म्हणायचं...” गेभार्ट म्हणाला.

“कसं होतं?”

बाई थांबल्या. खरोखर थांबल्या, त्यांच्या हातातली पेन्सिलसुद्धा थांबली होती. मी मनातल्या मनात गेभार्टला ढकलत होतो. बोल, गाढवा. तळं, बोट, काहीही बोल.

“नोटीस सहा महिन्यांची असते,” गेभार्ट म्हणाला.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या, आणि पेन्सिल डबीत ठेवली.

मग दुसरा संचालक शोधणं सुरू झालं. संचालक व्हायचं तर कर्जव्यवहाराचा बराच अनुभव लागतो, वरून मंजुरी लागते. तसा अनुभव असलेली माणसं शहरांत, आणि शहर सोडून लोरब्रोनला यायला कोण तयार? एक जण आला, बायकोला घेऊन. बायकोने गाडीतून उतरून चौक पाहिला, चर्च पाहिलं, माझा घाणा पाहिला. विचारलं, “आणि बाकीचं गाव कुठेय?” मग गाडीत बसून, काच वर करून दोघं गेली. दुसऱ्याने शहराच्या दीडपट पगार मागितला. तिसऱ्याने फोनच केला नाही.

गेभार्टने बॉनला विनंती केली: दुसरा माणूस मिळेपर्यंत वर्षभर एकाच संचालकावर चालू द्या. उत्तर अगदी सभ्य होतं. सध्या नियम बरेच सोपे केले आहेत, मात्र दोन संचालकांची अट कायम आहे, कारण सुनावणीत लहान बँकांच्या प्रतिनिधीनेच ती ठेवण्याचा आग्रह धरला होता. इतिवृत्ताचं पान सोबत जोडलेलं. गेभार्टने ते माझ्यापुढे ठेवलं.

“माझंच वाक्य आहे,” तो म्हणाला. “त्यांनी स्वल्पविरामही बदलला नाही.”

“आता बाईंना सांग की, राहा. सरळ.”

“कुठल्या तोंडाने? बँक बुडतेय म्हणून राहा? मग त्यांना वाटेल, मला सही हवीय.”

इथे मी त्याच्यावर ओरडलो. तो ऐकून घेत होता. पण पायात शिसं ओतल्यासारखा माणूस, कुठे हलायचा?

शहरातल्या मोठ्या बँकेचं पत्र यायला वेळ लागला नाही. विलीनीकरणाची रीतसुद्धा त्याच लाटेत सोपी झालेली होती. जिथे पूर्वी दोन वर्षं गेली असती, तिथे एक सभा पुरणार होती. आमची बँक त्यांना हवीहवीशीच होती. खर्च कमी, नफा बरा, कागद थोडे. इतकी नीटनेटकी करून ठेवली होती गेभार्टने.

सभा जूनमध्ये, शाळेच्या व्यायामशाळेत. सॉसेज, सॅलड, बिअर. शहराच्या बँकेचा एक तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवून गेला: युरोप, स्पर्धा, ताकद, एकत्र. बेकरीवाल्याने विचारलं, “आमची शाखा राहणार का?” तो म्हणाला, “तूर्त हो.” त्या ‘तूर्त’वर माझ्या शेजारची म्हातारी मोहरीच्या चटणीची बरणी बंद करता करता थांबली.

गेभार्ट उठला. त्याला ठरावाची बाजू मांडायची होती, संचालक म्हणून. “दुसरा मार्ग उरलेला नाही,” एवढंच म्हणाला. ठराव व्हायला पाऊण सभागृहाचं मत लागतं. हात वर झाले, भरपूर. विरोधी मतं मोजायला मी उभा राहिलो. बेकरीवाला, ती म्हातारी, आणखी काही. मागच्या भिंतीपाशी, करड्या कोटात, त्सांकरबाईंचा हात सरळ वर. घरातलं सामान खोक्यांत भरून झालं होतं त्यांचं, दोन दिवसांनी निघायच्या होत्या. ठराव मंजूर झाला.

ताटं गोळा करायचं काम देखरेख मंडळाचं असतं. मी व्यायामशाळेच्या मोरीशी धूत होतो, गेभार्ट फडक्याने पुसत होता. बाई आपलं ताट घेऊन आल्या.

“तुम्ही विरोधात?” गेभार्ट म्हणाला.

“तेच काम होतं ना माझं. सत्तावीस वर्षं.” त्यांनी त्याच्या हातातलं ताट घेऊन उजेडात धरलं. “हे नीट पुसलं नाही.”

त्याने ते परत पुसलं. पुसता पुसता, ताटाकडेच बघत, म्हणाला, “त्सांकरबाई, ते अहवाल... मी एवढा मागे लागलो ते तुमचा शनिवार मोकळा व्हावा म्हणून. बोडनच्या तळ्यावर बोट असते. मी तिकिटं काढली होती. बऱ्याचदा.”

मी नळ बंद केला. करायला नको होता, फार शांत झालं.

“भूकंपाचा अहवाल शुक्रवारी दुपारी व्हायचा माझा,” बाई म्हणाल्या. “बाकीचेही. शनिवारी मी फक्त सह्यांसाठी ठेवायचे.”

गेभार्टला कळायला वेळ लागला. मला लागला नाही. बाईंनी कोटाची बटणं लावली.

“केक आंबट कधीच नव्हता,” गेभार्ट म्हणाला.

“माहीत आहे, नेगेले.” त्यांनी हात पुढे केला, त्याने ओल्या हाताने धरला. “सांभाळून राहा.” बस्स. मला म्हणाल्या, “हाउग, मोरी घासून ठेवा.” मी ठेवली.

त्याला आता दीड वर्ष झालं. तूर्त संपलंय. शाखेच्या जागी भिंतीत पैसे देणारं यंत्र आहे, आणि मंगळवारी चौकात बँकेची गाडी येते. गेभार्टला पेन्शन मिळतं, चांगलं मिळतं. तो शनिवारी चौकातल्या बाकावर बसतो, बंद काचेसमोर. मी बाटली घेऊन जातो. तळ्यावर जाऊ म्हटलं तर म्हणतो, “पाण्यात काय बघायचंय?”

मला जमाखर्च लिहून ठेवल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून लिहितो. ब्रसेल्सला त्यांचा सोपा नियम मिळाला, आणि त्यांच्या अहवालात लोरब्रोन हे यशाचं उदाहरण म्हणून आलंय. पदरचं काही गेलं नाही. शहराच्या बँकेला आमच्या ठेवी आणि स्पर्धेतला एक भिडू कमी. त्यांनी सॉसेजचं बिल दिलं. माझ्या घाण्याच्या पुढच्या कर्जाला शहरातल्या यंत्राने नकार दिला, कारण न कळवता. तेवढं मी भरलं. बेकरीवाल्याने दुकान विकलं, ते त्याने भरलं. राहिले शनिवार. ते गेभार्टने भरले, आणि तिकडे कीलला त्सांकरबाईंनी, पुरेपूर, सूट न घेता. आयुष्यात एवढा एकच व्यवहार त्या दोघांनी एकेकट्याच्या सहीने केला.